दगडांवरची भाकितं : पॅरिस-रुबेचा विजेता आधी ओळखता येतो का?

हॉस्टेलमध्ये भविष्य सांगणाऱ्यांचा तुटवडा कधीच नसतो. उद्याच्या पेपरला कुठला प्रश्न येणार, मेसमध्ये रविवारी काय असणार, व्हायव्हाला एक्स्टर्नल कोण येणार, सगळ्याची उत्तरं कुणाकडे तरी तयार असतात. "फिक्स येणार रे, लिहून घे!" क्रिकेटची मॅच सुरू व्हायच्या आधीच टीव्ही रूममध्ये तिचा निकाल लागलेला असतो. आणि भाकीत चुकलं तर? तर पिच खराब असतं!

हा लेख एका अशा शर्यतीबद्दल आहे, जिच्यापुढे भल्याभल्या भविष्यवाल्यांची दांडी उडते. ती शर्यत म्हणजे पॅरिस-रुबे, एका दिवसाची व्यावसायिक सायकल शर्यत. टूर दी फ्रान्सचं नाव आपण ऐकलेलं असतं. तीन आठवड्यांची ती शर्यत बहुतेक वेळा डोंगरात ठरते आणि तिथे तीन-चार नावांपलीकडे फारसं पाहावं लागत नाही. पॅरिस-रुबेचं तसं नाही. इथे सगळ्यात ताकदवान गडी हरतो, हात मोडून नुकताच बरा झालेला गडी जिंकतो, आणि कधीकधी रेल्वेचं फाटकही निकालात हात घालतं. मग इथे अंदाज बांधण्यात काही अर्थ आहे का? आहे. पण अंदाज म्हणजे काय, हेच आधी नीट समजून घ्यावं लागतं.

शर्यत आहे तरी काय?

फ्रान्सच्या उत्तर टोकाला, बेल्जियमच्या सीमेजवळ, रुबे नावाचं कापडगिरण्यांचं गाव. तिथल्या तेओदोर व्हिएन आणि मोरिस पेरेझ या दोन गिरणीमालकांनी सायकलींसाठी वेलोड्रोम बांधला आणि त्याचं नाव व्हावं म्हणून १८९६ साली पॅरिस ते रुबे अशी शर्यत भरवली. पहिला विजेता जर्मनीचा योझेफ फिशर. नावात पॅरिस असलं तरी १९७७ पासून शर्यत सुटते ती पॅरिसच्या ईशान्येला असलेल्या कॉम्पिएन गावातून.

शर्यतीचं टोपणनाव 'उत्तरेचा नरक'. हे नाव दगडांवरून पडलं असं अनेकांना वाटतं, पण ते पडलं पहिल्या महायुद्धानंतर. १९१९ साली रस्ता शर्यतीलायक उरला आहे का हे पाहायला गेलेल्या मंडळींना वाटेत उद्ध्वस्त गावं, खड्डे, चिखल आणि जळकी झाडं दिसली. पुढे युद्धाच्या खुणा बुजल्या, नाव मात्र राहिलं आणि दगडांना जाऊन चिकटलं.

आता थोडे आकडे. अंतर साधारण २५५ ते २६० किलोमीटर. त्यात दगडी फरसबंदीचे तीसच्या आसपास तुकडे, ज्यांना सेक्टर म्हणतात. सगळ्या सेक्टरांची लांबी मिळून सुमारे ५५ कि.मी. पहिले शंभरेक किलोमीटर साधा डांबरी रस्ता, आणि मग दगड सुरू. सेक्टरांचे क्रमांक उलटे असतात. तीसपासून सुरू होऊन एकपर्यंत उतरत यायचं, म्हणजे काउंटडाउनच म्हणा ना! प्रत्येक सेक्टरला अवघडपणाप्रमाणे एक ते पाच तारे. पाच ताऱ्यांचे मानकरी तीनच : आरेनबर्गचं जंगल, मों-आं-पेवेल आणि कार्फूर द लार्ब्र. आरेनबर्ग येतं तेव्हा शेवट साधारण ९५ कि.मी. दूर असतो, मों-आं-पेवेलला पन्नासेक, आणि कार्फूरला जेमतेम १७. शेवट रुबेच्या उघड्या वेलोड्रोममध्ये, दीड फेरी मारून. बक्षीस काय, तर चौथऱ्यावर बसवलेला एक दगड!

हे दगड म्हणजे शहरातल्या फूटपाथवरचे गुळगुळीत पेव्हर ब्लॉक नव्हेत. शेतातून जाणारे जुने गाडीरस्ते आहेत. चिरे वरखाली झालेले, मधल्या फटीत माती, आणि रस्ता मधोमध उलट्या कढईसारखा फुगलेला. त्या फुगवट्यावरून चालवलं तर त्यातल्या त्यात बरं, कडेला उतरलं की चिखल, धूळ आणि धारदार खडे. चांगली वाट एकच आणि गिऱ्हाइकं पावणेदोनशे. बहुतेक भांडणाचं मूळ इथेच.

मोठ्या माणसांची शर्यत

आपण इंजिनिअर, तेव्हा आधी थोडं फिजिक्स.

घाटात सायकलस्वार लढतो गुरुत्वाकर्षणाशी. तिथे महत्त्व असतं वजनामागे किती वॉट ताकद निघते याला. म्हणून डोंगरातले राजे साठ-पासष्ट किलोचे, काटक. पॅरिस-रुबेत डोंगर नाही, टेकडीसुद्धा जवळपास नाही. सपाटीवर मुख्य शत्रू असतो वारा. हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग १० टक्क्यांनी वाढवायचा तर ताकद १.१ चा घन, म्हणजे सुमारे ३३ टक्के जास्त लागते.

आता साठ किलोचा एक आणि ऐंशी किलोचा एक असे दोन गडी घ्या. दोघांची किलोमागची ताकद सारखीच आहे असं माना. मोठ्याचं वजन ३३ टक्के जास्त, म्हणून एकूण ताकदही ३३ टक्के जास्त. पण वाऱ्याला अडणारं त्याचं अंग तेवढं वाढत नाही. वजन लांबीच्या घनाप्रमाणे वाढतं आणि क्षेत्रफळ वर्गाप्रमाणे, म्हणजे क्षेत्रफळात वाढ साधारण २१ टक्के. हिशेब केला तर मोठा गडी सपाटीवर तीनेक टक्के वेगाने जातो. ताशी ४५ कि.मी.वर तीन टक्के म्हणजे जवळजवळ दीड किलोमीटर. तासाभरात दीड किलोमीटर मागे पडणारा दिसेनासाच होतो.

शिवाय दगडांवर सायकल सतत उडत असते. प्रत्येक हादऱ्यात थोडी ऊर्जा वाया जाते. जड आणि ताकदवान माणसाला मोठा गिअर संथ लयीत रेटता येतो आणि सायकल तुलनेने स्थिर राहते. फाबियान कान्सेलारा (विजेता २००६, २०१०, २०१३) आणि टॉम बोनेन (२००५, २००८, २००९, २०१२) हे दोघे याच घडणीचे. टूर जिंकणारे लोक इथे फारसे जिंकत नाहीत. १९८१ साली बर्नार्ड इनो जिंकला. त्याला ही शर्यत मुळीच आवडायची नाही, तरीही जिंकला! त्यानंतर २०२५ पर्यंत तरी टूरचा एकही विजेता इथे जिंकलेला नाही. २०२५ मध्ये ताडेय पोगाचार पहिल्यांदाच इथे उतरला आणि दुसरा आला. त्याच्यासारख्या हलक्या अंगाच्या माणसाला हे जमलं ही मोठीच गोष्ट. म्हणजे वजनाचा नियम चांगला आहे, पण तो काही न्यूटनचा नियम नाही.

पाच कसोट्या

एप्रिलमध्ये शर्यतीच्या आदल्या दिवशी सुरुवातीची यादी निघते. पंचवीस टीम, प्रत्येकी सात जण, म्हणजे १७५ नावं. यातून चाळणी लावायची कशी?

पहिली कसोटी अनुभवाची. हे दगड पाठ असावे लागतात. कुठल्या वळणावर चिखल साचतो, कुठल्या सेक्टरनंतर वारा कुठून लागतो, कुठे खालून जायचं आणि कुठे मधून. म्हणून याच शर्यतीत आधी पहिल्या दहा-पंधरात आलेली नावं वर ठेवायची.

दुसरी कसोटी ताज्या फॉर्मची. पॅरिस-रुबे एकटी येत नाही. तिच्या आधीच्या आठवड्यांत बेल्जियममध्ये ई-थ्री, गेंट-वेव्हेलगेम, आणि सहसा एक आठवडा आधी टूर ऑफ फ्लँडर्स अशी रांग असते. या म्हणजे आपल्या इंटर्नल्स. इंटर्नलला टॉप केलेला युनिव्हर्सिटीला पहिला येतोच असं नाही, पण इंटर्नलला गायब असलेला अचानक पहिला येणंही अवघडच. मॅथ्यू वान डर पूलने २०२४ मध्ये फ्लँडर्स जिंकली आणि पुढच्याच रविवारी रुबे. बोनेनने २००५ आणि २०१२ मध्ये, कान्सेलाराने २०१० आणि २०१३ मध्ये हेच केलं होतं. पण फ्लँडर्समध्ये छोटे, तीव्र चढ आहेत आणि रुबेत नाहीत. फ्लँडर्सच्या चढावर थोडासा मागे पडलेला जाडजूड गडी रुबेत पुढे येऊ शकतो, हे ध्यानात ठेवायचं.

तिसरी कसोटी हँडलिंगची. आरेनबर्गच्या तोंडाशी पूर्ण ताफा ताशी साठच्या आसपास वेगाने येतो आणि प्रत्येकाला पहिल्या वीसात असायचं असतं. इथे घाबरणारा मागे पडतो आणि न घाबरणारा कधीकधी हॉस्पिटलात जातो. योहान म्यूझेउ १९९८ साली इथेच पडला. गुडघ्याची वाटी फुटली, जखमेत विष झालं, पाय कापावा लागतो की काय अशी वेळ आली. तोच माणूस २००० साली जिंकला आणि रेषा ओलांडताना त्याने पाय वर करून गुडघ्याकडे बोट दाखवलं. २०२४ पासून आयोजकांनी जंगलाच्या आधी वेग कमी करण्याची सोय केली, तीही सायकलस्वारांच्या संघटनेने मागणी केल्यावर. सायक्लोक्रॉस, म्हणजे हिवाळ्यात चिखलात होणाऱ्या सायकल शर्यती, खेळून आलेले लोक इथे उगाच चमकत नाहीत. वान डर पूल त्यातलाच.

चौथी कसोटी टीमची. एकट्या पट्ठ्याला कितीही दम असला तरी दोनशे किलोमीटर त्याला वाऱ्यापासून झाकणारं, पाणी आणणारं, पंक्चर झालं तर स्वतःची सायकल काढून देणारं कुणीतरी लागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हातात दोन पत्ते असावेत. २०२३ आणि २०२४ मध्ये वान डर पूल पहिला आणि त्याच्याच टीमचा यास्पर फिलिप्सन दुसरा. पुढे एक निसटला की मागच्या गटात दुसरा आरामात बसून राहतो, "माझा माणूस पुढे आहे, मी का ओढू?" बाकीचे एकमेकांकडे बघत बसतात. ग्रुप प्रोजेक्ट केलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको!

पाचवी कसोटी सामानाची. पंधरा-वीस वर्षांपूर्वी इथे २५ ते २८ मि.मी.चे टायर असत. आता ३० मि.मी. आणि त्याहून रुंद, ट्यूब नसलेले, आणि हवा बरीच कमी. कमी हवेचा रुंद टायर दगडाला मिठी मारतो आणि हादरे गिळतो. पण हवा फारच कमी ठेवली तर रिम दगडावर आपटते. इथे ऑप्टिमायझेशनचा खरा प्रॉब्लेम आहे. आणि सामानातली चूक किती महाग पडते ते जॉर्ज हिन्कापीला विचारा. २००५ ला दुसरा आलेला हा अमेरिकन २००६ मध्ये पुढच्या गटात होता, तेवढ्यात हँडल आणि फोर्क यांना जोडणारी नळीच तुटली. हातात मोकळं हँडल घेऊन माणूस रस्त्यावर! मटेरियल सायन्सच्या सरांनी वर्गात सांगावी अशी गोष्ट आहे.

कसोट्या तपासून पाहू

नियम सांगणं सोपं. तो मागच्या निकालांवर लावून बघायला हवा. २०१४ ते २०२५ ही वर्षं घेऊ. २०२० मध्ये साथीमुळे शर्यत झालीच नाही, म्हणजे एकूण ११ शर्यती. विजेते क्रमाने असे : तेर्प्स्ट्रा, डेगेनकोल्ब, हेमन, वान अवरमात, सगान, जिल्बेर, कोल्ब्रेली, वान बार्ले, आणि मग सलग तीनदा वान डर पूल.

आपला नियम साधा ठेवू. ज्याने यापूर्वी रुबे किंवा फ्लँडर्स यांपैकी एकीत तरी पहिल्या तिनात नंबर काढला आहे, तोच यादीत. तेर्प्स्ट्रा २०१३ ला रुबेत तिसरा होता. डेगेनकोल्ब २०१४ ला दुसरा. वान अवरमात २०१५ ला तिसरा. सगानने २०१६ ची आणि जिल्बेरने २०१७ ची फ्लँडर्स जिंकलेली. वान बार्ले २०२२ च्या फ्लँडर्समध्ये दुसरा, रुबेच्या अवघे दोन आठवडे आधी. वान डर पूल २०२१ ला रुबेत तिसरा. म्हणजे ११ पैकी ९ वेळा नियम बरोबर! ८२ टक्के, डिस्टिंक्शन.

पण थांबा. लगेच कॉलर ताठ करू नका. या नियमात बसणारे दरवर्षी एक नाही, बरेच जण सुरुवातीच्या रेषेवर असतात. नियमाने आपल्याला यादी दिली, नाव दिलं नाही. १७५ मधून पंधरा काढणं हे अभ्यासाचं काम. पंधरातून एक काढणं हे वेगळंच प्रकरण आहे.

आणि जे दोघे नियमात बसले नाहीत, त्यांच्याच गोष्टी सगळ्यात ऐकण्यासारख्या आहेत.

पहिला ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू हेमन. २०१६ साली वय ३७. डझनाहून जास्त वेळा ही शर्यत खेळलेला, पण २०१२ मधला आठवा नंबर हीच काय ती कमाई. बहुतेक करिअर दुसऱ्यांसाठी वारा झेलण्यात गेलेलं. त्यात फेब्रुवारीच्या शेवटी एका शर्यतीत पडून हाताचं हाड मोडलं. रुबेला राहिले सहा आठवडे. गडी घरात उभ्या सायकलवर घाम गाळत राहिला. शर्यतीच्या दिवशी सुरुवातीच्या पळालेल्या गटात शिरला, मागून बडी मंडळी येऊन मिळाली तरी सुटला नाही, आणि वेलोड्रोममध्ये पाच जणांच्या स्प्रिंटमध्ये त्याने बोनेनला हरवलं. बोनेन जिंकता तर पाच वेळा जिंकणारा इतिहासातला पहिला ठरला असता.

दुसरा इटलीचा सोनी कोल्ब्रेली. २०२१ ची शर्यत एप्रिलऐवजी ३ ऑक्टोबरला झाली. १९ वर्षांत पहिल्यांदाच पाऊस, आणि चिखल असा की चेहऱ्यावरून कोण कुठला ते ओळखू येईना. पहिले तिघे आले कोल्ब्रेली, व्हर्मिर्श आणि वान डर पूल, आणि गंमत म्हणजे तिघेही ही शर्यत पहिल्यांदाच खेळत होते! आपली अनुभवाची कसोटी चिखलात वाहून गेली. फॉर्मची कसोटी मात्र टिकली, कारण त्याच सप्टेंबरात कोल्ब्रेली युरोपियन चॅम्पियन झाला होता. पुढच्या मार्चमध्ये दुसऱ्या एका शर्यतीनंतर त्याचं हृदय बंद पडलं. जीव वाचला, पण व्यावसायिक सायकलिंग थांबलं. एकदाच रुबे खेळला, एकदाच जिंकला.

आणि मग नशीब

त्याच २०२१ च्या शर्यतीत जानी मोस्कोन एकटा पुढे होता. पंक्चर झालं. सायकल बदलली आणि थोड्याच वेळात घसरून पडला. शेवटी चौथा. २०२३ मध्ये वाउट वान आर्ट आणि वान डर पूल कार्फूर द लार्ब्रवर पुढे निघाले आणि ऐन तिथेच वान आर्टचं पंक्चर. तो तिसरा आला. २०२५ मध्ये पोगाचार आणि वान डर पूल दोघेच पुढे असताना, शेवटाला ३८ कि.मी. राहिले असता पोगाचारचा एका वळणावर अंदाज चुकला आणि तो आडवा झाला.

२००६ चा किस्सा तर सगळ्यांवर कडी. कान्सेलारा पुढे निघून गेला. त्याच्या मागच्या तिघांपुढे रेल्वेचं फाटक बंद झालं. तिघे फाटकाच्या बाजूने निघून गेले. दुसरा, तिसरा, चौथा नंबर काढला आणि तिघेही बाद! मागे राहिलेला बोनेन बसल्या जागी दुसरा झाला.

आता या नशिबाला आकड्यात पकडू. समजा, एका सेक्टरमध्ये काहीही विपरीत न होण्याची शक्यता ९८ टक्के आहे. हा आकडा मोजलेला नाही, उदाहरणासाठी घेतला आहे. ९८ टक्के म्हणजे किती सुरक्षित वाटतं! पण सेक्टर आहेत तीस. ०.९८ चा तिसावा घात काढा. उत्तर येतं ०.५४५. म्हणजे सगळ्यात चांगल्या गड्यालासुद्धा पूर्ण शर्यत निर्विघ्न पार पडण्याची संधी निम्म्याहून थोडीच जास्त. आता धरा की निर्विघ्न पोचला तर तो साठ टक्के वेळा जिंकेल. गुणाकार करा : ०.५४५ गुणिले ०.६, म्हणजे साधारण ३३ टक्के.

हा आकडा नीट बघा. इतरांपेक्षा स्पष्टपणे सरस असलेल्या माणसाची शक्यता तीनात एक! म्हणजे तो तीनपैकी दोनदा हरणार, आणि तरीही त्याला पहिली पसंती देणं बरोबरच असणार. कसलेला खेळाडू पुढे राहून, चांगली वाट पकडून ते ९८ चे ९९ करू शकतो. ०.९९ चा तिसावा घात ०.७४ येतो. एका टक्क्याने केवढा फरक पडला पाहा. पुढे राहायची ती सगळी मारामारी या एका टक्क्यासाठी असते. २०२४ मध्ये वान डर पूल साठ कि.मी. आधीच एकटा निघून गेला आणि तीन मिनिटांच्या फरकाने जिंकला. एकटा असला की कुणी अंगावर पडत नाही आणि वाट आपली आपण निवडता येते. तीन मिनिटं हातात असली की एखादं पंक्चरही परवडतं. ताकद वापरून नशिबाचा भाग कमी करणं ते हे.

आकड्यांचा आणखी एक सापळा सांगून ठेवतो. २०२२ संपताना कुणी म्हटलं असतं, "आठ शर्यतींत आठ वेगळे विजेते, इथे कुणीही जिंकू शकतो." २०२५ संपताना तोच माणूस म्हणेल, "तीनदा एकच जिंकला, इथे दुसरं कुणी जिंकूच शकत नाही." दोन्ही वाक्यं थोड्याशा आकड्यांवरून मोठी रेघ ओढणारी. प्रॅक्टिकलमध्ये तीन रीडिंग घेऊन ग्राफ काढणाऱ्यांना हे कळेल. बायकांच्या शर्यतीकडे बघा. ती सुरूच झाली २०२१ मध्ये. २०२५ पर्यंत पाच शर्यती, पाच विजेत्या : डिग्नन, लाँगो बोर्गिनी, जॅक्सन, कोपेकी, फेरां-प्रेव्हो. पहिल्याच वर्षी लिझी डिग्नन पहिल्या सेक्टरवरच, ऐंशीहून जास्त कि.मी. राहिलेले असताना एकटी निघाली आणि शेवटपर्यंत कुणाच्या हाती लागली नाही. पोचली तेव्हा तिच्या हँडलवर हाताचं रक्त लागलेलं होतं. २०२३ मध्ये कॅनडाची अ‍ॅलिसन जॅक्सन सुरुवातीच्या पळालेल्या गटातून जिंकली. मागच्या बड्या खेळाडूंना वाटलं, पकडू सावकाश. पकडता आलं नाही.

भाकिताला मार्क कसे द्यायचे?

इथे मूळ मुद्द्यावर येऊ. पॅरिस-रुबेचं भाकीत म्हणून एकच नाव सांगणं हा प्रश्नच चुकीचा सोडवणं आहे. योग्य उत्तर म्हणजे नावांची यादी आणि प्रत्येकापुढे टक्के. सगळ्यांची बेरीज शंभर, आणि त्यात 'इतर कुणीतरी' यालाही जागा हवी. हेमनसारखे लोक त्या 'इतर'मधून येतात.

"मग काय, टक्के कसेही ठोकता येतील, चुकलं कोण म्हणणार?" असं तुम्ही म्हणाल. तसं नाही. हवामानवाल्यांनी यावर तोडगा काढून ठेवलाय. ग्लेन ब्रायर नावाच्या अमेरिकन हवामानतज्ज्ञाने १९५० साली तो मांडला. पद्धत सोपी आहे. तुम्ही दिलेली शक्यता आणि प्रत्यक्ष निकाल (झालं तर १, नाही तर ०) यांतला फरक घ्या आणि त्याचा वर्ग करा. हा झाला दंड. दंड जितका कमी, तितका अंदाज चांगला.

दोन रूममेट घ्या. पहिला म्हणतो, "अमुक जिंकणार, शंभर टक्के, लिहून घे." दुसरा म्हणतो, "३५ टक्के." अमुक हरला तर पहिल्याला दंड १, दुसऱ्याला ०.३५ चा वर्ग, म्हणजे ०.१२. अमुक जिंकला तर पहिल्याला शून्य, दुसऱ्याला ०.६५ चा वर्ग, म्हणजे ०.४२. त्या वर्षी पहिला कँटीनभर मिरवणार, चहाही उकळणार. पण खरी शक्यता ३५ टक्केच असेल तर बऱ्याच वर्षांच्या सरासरीत पहिल्याचा दंड येतो ०.६५ आणि दुसऱ्याचा ०.२३. एका एप्रिलमध्ये छातीठोकपणा जिंकू शकतो. दहा एप्रिल पाहिले तर हिशेब जिंकतो.

म्हणजे एका निकालावरून भाकीत चांगलं की वाईट हे ठरत नाही, तसंच एका निकालावरून खेळाडूही ठरत नाही. मोस्कोन त्या दिवशी हरला म्हणून त्याची तयारी खोटी नव्हती. हेमन जिंकला तो फक्त नशिबाने, असंही नाही. इतकी वर्षं तो दर वेळी सुरुवातीच्या रेषेवर उभा राहिला, मोडका हात घेऊन तयारी करत राहिला, म्हणून नशीब आलं तेव्हा तो घरी नव्हता. यादीत येणं आपल्या हातात असतं. यादीतून नाव कुठलं निघणार, ते थोडं दगडांच्याही हातात असतं. कँपस इंटरव्ह्यूच्या सीझनमध्ये नोटीस बोर्डासमोर उभं राहताना हे आठवलं तर बरं पडेल, एवढंच सुचवतो. जास्त प्रवचन नको!

असो. एप्रिलमधल्या त्या रविवारी दुपारी टीव्ही रूम मोकळी मिळाली तर (हीच शक्यता सगळ्यात कमी!) हा प्रयोग करून बघा. आदल्या दिवशी यादी काढा. याच शर्यतीतला आधीचा निकाल, ताजा फॉर्म, हँडलिंग, टीम आणि सामान या पाच कसोट्या लावा. पाऊस आहे का ते बघा, कारण ओल्या दगडांवर अपघात वाढतात आणि 'इतर'चे टक्के वाढवावे लागतात. पंधरा नावं निवडा, टक्के लिहा, पहिल्या नावाला तिसाच्या फार वर जाऊ देऊ नका. कागद भिंतीवर चिकटवा, म्हणजे नंतर "मी म्हटलंच होतं" ची सोय उरणार नाही. मग संध्याकाळी कॅल्क्युलेटर काढून दंड मोजा.

आणि शर्यत बघताना पहिल्या नंबरावरच डोळे लावून बसू नका. धुळीने माखलेला, अर्धा तास उशिरा वेलोड्रोममध्ये शिरणारा, दीड फेरी एकट्याने पुरी करणारा कुणीतरी गडी दिसेल. त्याच्या नावापुढे तुम्ही शून्य टक्के लिहिलेले असतील. कदाचित पुढच्या एखाद्या वर्षी ते खोडून तिथे दुसरा आकडा लिहावा लागेल.